इतिहासाचे पस्तीस मार्क

बिट्टीला इतिहास आवडत नाही असं म्हणणं म्हणजे मांजराला आंघोळ आवडत नाही असं म्हणण्यासारखं झालं. तिला इतिहासाचा तिटकारा होता, चांगला सणसणीत तिटकारा. पुस्तक उघडलं की पाचव्या मिनिटाला बाईसाहेबांना तहान लागायची, दहाव्या मिनिटाला पोटात दुखायला लागायचं आणि पंधराव्या मिनिटाला पुस्तकावर गाल टेकून घोरणं सुरू. बाकीच्या विषयांत पोरगी व्यवस्थित पास झाली होती, गणितात तर वर्गात दुसरी होती. पण इतिहासात पहिल्या खेपेला एकोणीस, दुसऱ्या खेपेला सत्तावीस; आणि पास व्हायला लागतात पस्तीस. आता काय करायचं माणसाने!

शाळेचा नियम असा, की लेखी परीक्षेत दोनदा आपटी खाल्लेल्या मुलाची तिसऱ्यांदा तोंडी परीक्षा घ्यायची. तीन परीक्षक, एक टेबल, वीस मिनिटं. त्यात निभावलं तर प्रमाणपत्र हातात. नाही निभावलं तर अख्खं वर्ष पुन्हा, सगळ्या विषयांसकट, एका वर्षाने लहान असलेल्या पोरांच्या बाकावर बसून.

तेही एक वेळ चाललं असतं. पण मग चौकातल्या दातांच्या लॅबमधली जागा गेली असती, आणि घरातल्या सगळ्यांचा जीव तिथेच अडकला होता. त्या लॅबमध्ये कवळ्या बनायच्या. लॅबच्या मालकांना सगळी गल्ली दातवाले काका म्हणायची. ते वर्षाला एकच शिकाऊ माणूस घ्यायचे आणि यंदा त्यांनी बिट्टीला निवडलं होतं, तिने मेणातून कोरलेली एक दाढ बघून. "हिच्या बोटांत काहीतरी आहे," ते म्हणाले होते, "पण परीक्षा झाल्या की लगेच शाळेचं प्रमाणपत्र दाखवायचं. त्याशिवाय मला कुणाला शिकवायची परवानगी नाही, आणि हिच्यानंतरची पोरगी यादीत तयार आहे." तेव्हापासून बिट्टी दर शनिवारी ॲप्रन बांधून तिथे जायला लागली, आणि रस्त्याने लोकांच्या तोंडाकडे बघत चालायला लागली. "आई, त्या बाईंचे वरचे दात बघ, काय बसवलेत!" असं भर बसमध्ये बोट दाखवून सांगायची. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सतरा वर्षांत पोरीला काहीतरी इतकं मनापासून हवं असलेलं आईने पहिल्यांदाच पाहिलं होतं, त्यामुळे ती लाजून हसायची आणि बोट खाली करायची.

आई नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. बावीस वर्षं विंगेतल्या एका लाकडी स्टुलावर, मांडीवर नाटकाची वही, वहीवर बोटाएवढा दिवा. नट विसरला की त्याला पुढचा शब्द द्यायचा. एकच शब्द, फार तर दोन. गाडी पुढे जाते. शब्द असा द्यायचा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला संशयही येऊ नये. कंपनीत तिला सगळे मावशी म्हणायचे, अपवाद फक्त नवऱ्याचा. तो त्याच कंपनीत दिव्यांचं काम बघायचा आणि तिला "अगं" म्हणायचा.

या कामातली खरी मेख शब्द देण्यात नसते, न देण्यात असते. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने तिला बजावलं होतं, "नट विसरला तर शब्द दे. पण नट मुद्दाम थांबला असेल, तर तोंड शिवून बस. त्याच्या थांबण्यात शब्द टाकलास तर माझ्या कंपनीत तुला जागा नाही." विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस, दोघेही गप्पच असतात. पण आई बघून ओळखायची. विसरलेल्याची नजर भिरभिरते, त्याचे हात उगाच कपड्यांशी चाळा करतात. थांबलेल्याचं सगळं अंग जागच्या जागी असतं. बावीस वर्षांत तिने एकदाही चुकीच्या ठिकाणी तोंड उघडलं नव्हतं, आणि ह्याचा तिला चांगलाच ताठा होता. असायलाच हवा.

तर अशा ह्या घरात, तोंडी परीक्षेला आठ आठवडे उरले असताना, बिट्टीला अभ्यासाला बसवायची मोहीम सुरू झाली. चार रंगांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटलं. बिट्टीने ते इतकं सुंदर रंगवलं की त्यातच तीन दिवस गेले. एक निवृत्त मास्तर शिकवायला आले. दुपारी दोनची वेळ, विषय तहांचा; मास्तरांनाच डुलकी लागली आणि बिट्टीने त्यांच्या उघड्या तोंडात डोकावून त्यांचे दात मोजले. मग बाबांनी आपलं डोकं लढवलं. टेबलावर एक दिवा बसवला: पंचवीस मिनिटं लाल, तेव्हा वाचायचं, पाच मिनिटं हिरवा, तेव्हा सुट्टी. बिट्टी पंचवीसच्या पंचवीस मिनिटं लाल दिव्याकडे टक लावून, हिरव्याची वाट बघत बसायची.

"अगं, निदान जागी तरी असते," बाबा म्हणाले.

आई मात्र कावली होती. "तुला ती जागा हवी आहे ना?"

"हवीय ना, आई. देवाशप्पथ हवीय." बिट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बसते गं वाचायला. पण ते आत जातच नाही. कुठला तरी सरदार कुठल्या तरी सालात कुठे तरी मेला, ह्याचं मी करू काय? मेला बिचारा, संपलं."

नाटक लागलेलं असलं की आई संध्याकाळी घरी नसायची, पण सकाळ-दुपार तिची असायची. एके दिवशी भाजी चिरता चिरता तिच्या डोक्यात आलं, की अहो, आपण इतकी वर्षं करतोय काय? ज्यांना स्वतःचं नाव धड आठवत नाही अशा नटांकडून आपण तीन-तीन तासांची नाटकं पार पाडून घेतली, आणि पोटच्या पोरीकडून अकरा धडे होत नाहीत? तिने पेन्सिल घेतली आणि इतिहासाचं पुस्तक नाटकाच्या वहीसारखं करून टाकलं. कुठे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ. जिथे अडखळायला होईल तिथे गोल. आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले दोन शब्द ठळक.

मग सुरू झाल्या तालमी. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "नदीकाठच्या तहानंतर," आणि बिट्टी बाहेरच्या खोलीतून धडाधड सगळा परिच्छेद म्हणून दाखवायची. आई म्हणायची, "विणकरांच्या संपाची," आणि पोरगी सुटायची ती थेट तिसऱ्या पानावर थांबायची. कपडे वाळत घालताना, जिना उतरताना, दात घासताना, सगळीकडे दोन शब्द आणि पुढे धबधबा. पाच आठवड्यांत अकराच्या अकरा धडे पाठ झाले. आईचा पाय जमिनीवर ठरेना. ती विंगेत बसून नटांना सांगायची, "माझी बिट्टी तुम्हा सगळ्यांपेक्षा बरी. स्वल्पविरामसुद्धा चुकत नाही."

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा आईला वाटलं, आता जरा उलटसुलट विचारून बघावं. तिने धड्यामागचा एक साधा प्रश्न वाचला: "विणकरांचा संप किती दिवस चालला?"

बिट्टी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अगं, सोपा आहे. येतं तुला."

"पहिला शब्द दे."

"पहिला शब्द काय? प्रश्न आहे हा. परीक्षक प्रश्न विचारणार."

"आई, पहिला शब्द दे ना!"

आईने दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. मग सहाव्या धड्यातला, मग पहिल्या धड्यातला. बिट्टीचे डोळे छताकडे गेले, हात फ्रॉकच्या काठाशी चाळा करायला लागले. अकरा धडे तिच्या पोटात होते आणि एकही बाहेर काढायची चावी तिच्याकडे नव्हती. सगळ्या आईकडे होत्या. आई खाली बसली. पाच आठवडे तिने पोरीला इतिहास शिकवलाच नव्हता, आपल्या दोन शब्दांची वाट बघायला शिकवलं होतं.

बिट्टीने पुस्तक भिंतीवर फेकलं. "नाही जमणार मला! सांगत होते ना मी! मला डोकंच नाहीये ह्याचं!" आणि ती अशी हमसून हमसून रडली, की खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन काय झालं म्हणून विचारून गेल्या. आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर तो तिने झटकून टाकला. त्या संध्याकाळी प्रयोगाला जाताना आईला बसमध्ये रडू फुटलं. लोक बघत होते, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढचा दिवस शनिवार होता. बिट्टी रडून सुजलेल्या डोळ्यांनी लॅबमध्ये गेली, आणि चार तासांनी परत आली ती वेगळंच तोंड घेऊन. आल्या आल्या पुस्तक उचललं, फाटलेलं कव्हर चिकटवलं आणि धडा नववा, विणकरांचा संप, उघडून बसली.

"काय झालं गं?" आईने भीतभीतच विचारलं.

"काही नाही. एक कवळी परत आली होती. माणूस म्हणे टोचते, नीट बसत नाही. मी म्हटलं, कुठे टोचते ते घासून टाकू. तर काका म्हणाले, जिथे टोचतंय तिथे चूक नसते. आधी कुठला दात हलला ते शोध, मग बाकीचे का हलले ते आपोआप कळेल." बिट्टीने पान उलटलं. "संपाचंही तसंच असणार ना? फसला, फसला म्हणतात. पण आधी कोण हललं?"

आईला ह्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण पोरगी न सांगता पुस्तकाशी बसली होती आणि घोरत नव्हती, एवढं तिला पुरेसं होतं.

त्या दिवसापासून घरात शांतता पसरली. बिट्टी म्हणाली होती, "आई, आता मला शब्द द्यायचा नाही. मी कितीही गप्प बसले तरी नाही. कबूल?" आईने कबूल केलं. पण ती शांतता तिला खाऊन टाकायची. पूर्वी निदान धबधबा ऐकू यायचा; आता पोरगी तासन् तास पेन्सिल चावत बसायची, मागचं पान काढायची, पुढचं काढायची, मधेच "अरेच्चा!" म्हणायची. विचारलं तर म्हणायची, "थांब, अजून लागत नाहीये." आई ओट्यापाशी उभी राहून पुस्तकातले सगळे परिच्छेद मनातल्या मनात म्हणून बघायची. तिला सगळे पाठ होते. तिच्या जागी मला का बसू देत नाहीत, असं तिला वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाची वेळ होती. शाळेला सुट्टी, लांबच लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, आणि त्या रिकाम्या इमारतीत पायांचा आवाजसुद्धा दणदणत होता. बिट्टी अठराची नव्हती, म्हणून घरच्या कुणीतरी सोबत यायला हवं होतं. बाबा म्हणाले होते, "मी जातो." आई म्हणाली, "छे, मीच जाणार." बाबांना पाठवलं असतं तर! पण तेव्हा कुणाला काय माहीत.

तोंडी परीक्षेत दार उघडं ठेवायचं, म्हणजे आत कुणावर अन्याय होत नाही हे बाहेर कळावं, अशी शाळेची पद्धत होती. दाराशेजारी भिंतीला लागून एक बाक होतं. आई त्यावर बसली. तिथून आतलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण दिसत काहीच नव्हतं. फार तर उघड्या दाराची कड आणि खोलीतल्या फरशीचा एक तुकडा.

आत तिघं होते. मुख्याध्यापक, शाळेचे इतिहासाचे सर, आणि बाहेरगावाहून आलेल्या एक परीक्षक बाई, ज्यांचा आवाज थोडा बसलेला होता. सरांनी पहिला प्रश्न विचारला. बिट्टीने उत्तर दिलं. आईने पदराखाली मुठी आवळल्या. दुसरा प्रश्न. बिट्टी थोडी अडखळली, पण बोलली, पुस्तकातल्या शब्दांत नव्हे, आपल्याच. तिसरा, चौथा. आईच्या मनात आलं, पोरगी पास होतेय की हो! होतेय! मुख्याध्यापक चक्क "वा" म्हणाले.

मग परीक्षक बाई बोलल्या. "विणकरांचा संप. पुस्तकात तो फसण्याची कारणं तीन दिली आहेत. कुठली?"

"अन्नधान्याचा तुटवडा, पुढाऱ्यांची अटक आणि आपसातली फूट," बिट्टी म्हणाली.

"बरोबर. हे झालं पुस्तकाचं. आता मला सांग, तुला काय वाटतं? का फसला?"

आणि आतला आवाज थांबला.

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. तुला काय वाटतं, हे काय विचारणं झालं? एक. आईने मोजायला सुरुवात केली, तिची ती सवयच होती. दोन. आत खुर्ची करकरली. तीन. तिसऱ्यापर्यंत नट बोलला नाही तर तो गेला. तिला पोरीचे डोळे दिसत नव्हते, हात दिसत नव्हते. तिला दिसत होती ती बारा दिवसांपूर्वीची बिट्टी, छताकडे बघणारी, फ्रॉकचा काठ पिळणारी. चार. पस्तीस मार्क, लॅबमधली जागा, सगळं त्या शांततेत बुडायला लागलं होतं. पाच.

"एकोणिसाव्या दिवशी," आई म्हणाली.

ती ओरडली नाही. बावीस वर्षांच्या सरावाचा, हलका, स्वच्छ, नेमका आवाज लावला तिने. नाटकात तो पडद्याच्या कापडात जिरतो. त्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये तो भिंतींवरून सरळ आत गेला.

मग मुख्याध्यापक बाहेर आले. आई उठून उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर.

"बाई, तुम्ही बोललात?"

"साहेब, चुकून झालं. सवय आहे हो मला, माझं कामच ते. तिची काही चूक नाही. तिने विचारलं नव्हतं, आमचं काही ठरलेलं नव्हतं, शप्पथ सांगते!"

मुख्याध्यापकांनी नुसतं बोट वर केलं. आई ज्या बाकावर बसली होती त्याच्या बरोब्बर वर भिंतीवर पाटी होती: बाहेरून कोणतीही मदत झाल्यास परीक्षा रद्द समजण्यात येईल. चांगला माणूस होता तो, त्याचाही चेहरा पडला होता. पण नियम म्हणजे नियम. "मला काही करता येणार नाही," तो म्हणाला. "एका मुलाला सोडलं तर उद्या प्रत्येकाचे आईबाप इथे बसून उत्तरं सांगतील."

"मला काय हवी ती शिक्षा करा. तिला नका करू. पाया पडते तुमच्या." आणि ती खरोखरच वाकली. त्याने घाईघाईने तिला धरलं.

आतून बिट्टीचा आवाज आला. फार मोठा नाही. "मी विसरले नव्हते. मी विचार करत होते."

"कागदावर रेघ मारावी लागेल," इतिहासाचे सर म्हणाले, आणि पेनाची ती रेघ आईला बाहेर ऐकू आली.

"मारलीत ना? झालं तर मग," परीक्षक बाई म्हणाल्या. "आता ह्याचे मार्क नाहीत, मुली. पण मला ऐकायचंय. काय सांगणार होतीस?"

बिट्टी बोलायला लागली, आणि पहिली दोन वाक्यं रडक्या आवाजात आली, पण पुढे आवाज सरळ झाला. ती म्हणाली, "तीन कारणं खरी आहेत, पण ती नंतरची आहेत. धान्य संपलं ते एकोणिसाव्या दिवशी. पुढारी पकडले ते एकतिसाव्या दिवशी. पण रंगारी बाराव्याच दिवशी कामावर परत गेले होते. पुस्तकात त्यांना फितूर म्हटलंय. पण चौथ्या धड्यात, जिथे सगळ्या धंद्यांची माहिती आहे, तिथे लिहिलंय, की रंगाचं पिंप तयार व्हायला सहा महिने लागायचे आणि ते रोज ढवळावं लागायचं. नाही ढवळलं तर बारा-तेरा दिवसांत रंग मरतो. विणकराने माग बंद ठेवला तर माग तसाच राहतो. रंगाऱ्याने पिंप बंद ठेवलं तर त्याचे सहा महिने जातात. ते फितूर नव्हते. त्यांना संप करताच येत नव्हता, आणि हे विणकरांनी त्यांना आधी विचारलंच नाही. पहिला दात तिथे हलला." मग ती गोंधळली. "म्हणजे, पहिली चूक तिथे झाली. पिंपं ढवळायची परवानगी देऊन बाकी संप केला असता तर टिकला असता, असं मला वाटतं. चौथा धडा आणि नववा धडा मी आत्ता इथे बसल्यावर जोडला. घरी लागत नव्हता."

परीक्षक बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी हा धडा विचारतेय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि फाईल मिटल्याचा आवाज झाला.

आई बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. आपण काय तोडलं, हे तिला शब्दन् शब्द ऐकावं लागलं.

बिट्टी बाहेर आली ती आईकडे न बघता चालायला लागली. उतारावरच्या रस्त्याने आई तिच्या मागे जवळजवळ पळतच होती. "बिट्टी, बोल ना काहीतरी. मार मला, पण बोल." चौकात आल्यावर बिट्टी सरळ लॅबमध्ये शिरली. आई दारात थांबली. आत दातवाले काका चष्मा कपाळावर चढवून प्लास्टरचा साचा घासत होते.

"काय, झालं का काम?" त्यांनी हसत विचारलं.

"नाही, काका. मी मधेच विसरले."

आईने दाराची चौकट धरली. आत्ता बोल, तिचं मन तिला सांगत होतं, आत्ता! पण ती चौकट धरून उभीच राहिली. काकांचं हसू मावळलं. त्यांनी साचा खाली ठेवला. "विसरलीस? अगं, इतके दिवस होते तुला." मग ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण आमच्या कामात विसरून चालत नाही. माणसाच्या तोंडात जायची वस्तू असते. यादीतल्या त्या दुसऱ्या मुलीला मी आज कळवतो." बिट्टीने खुंटीवरचा आपला ॲप्रन काढला, त्याची घडी घालून टेबलावर ठेवली आणि आईच्या बाजूने निघून बाहेर पडली.

घरी बाबांनी अंडी उकडत ठेवली होती आणि तीन ताटल्या मांडल्या होत्या. दोघींचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं.

"नाही झालं, बाबा," बिट्टी म्हणाली. "मी विसरले."

"जाऊ दे गं," बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा आणि इतिहासाचा छत्तीसचा आकडाच आहे. होतं असं. मोठमोठे नट विसरतात, विचार तुझ्या आईला."

आता खरं सांगायचं तर गप्प बसणं फार सोपं होतं. पोरीने सगळं स्वतःवर घेतलं होतं, नवरा समजूत घालत होता, अंडी उकडत होती. दोन दिवसांनी विषय संपला असता. आईला तो मोह झाला. नाही झाला असं कोण म्हणेल? पण त्या उत्तरातलं वाक्यन् वाक्य तिच्या कानात होतं, आणि त्या पोरीला कुणीतरी विसरभोळी म्हणत होतं.

"ती विसरली नाही," आई म्हणाली. "मी बोलले. बाहेरून. ती विचार करत होती आणि मी मधे शब्द टाकला. परीक्षा रद्द केली त्यांनी. तिला येत होतं, अहो. पुस्तकापेक्षा जास्त येत होतं. मी घालवलं सगळं."

बाबांचा हात तसाच पोरीच्या डोक्यावर राहिला. ते बायकोकडे बघत राहिले. त्यांना रागावताही येईना आणि समजूतही घालता येईना.

आणि मग बिट्टी फुटली. "आता सांगतेस? आता? काकांसमोर तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? ते म्हणाले विसरून चालत नाही! पुढच्या वर्षीसुद्धा ते मला घेणार नाहीत, कळतंय का तुला? तुला सांगितलं होतं, शब्द देऊ नकोस! कबूल केलं होतंस तू! एवढा घाणेरडा विषय, जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं होतं त्याच्याबद्दल, माझं स्वतःचं, आणि तुला पाच सेकंद धीर धरवला नाही! तुला वाटलंच नाही की मला येत असेल! एकदासुद्धा वाटलं नाही!"

"नाही वाटलं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "खरंच नाही वाटलं, बाळा."

ती दाराकडे वळली आणि पायांत चपला चढवायला लागली.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"काकांकडे. जागा गेली ती गेली. पण ही विसरत नाही, हे त्यांना सांगायला हवं."

बिट्टीने बाहीने नाक पुसलं. अजून हुंदके थांबले नव्हते. "तू नीट सांगणार नाहीस," ती म्हणाली. "रडत बसशील आणि त्यांना काही कळणार नाही. थांब, मी येते." तिने चपला घातल्या आणि आईच्या आधी जिना उतरायला लागली, मागे न बघता, वाटेतल्या प्रत्येक मजल्यावर आईशी भांडत.